चढावर बंद पडणारा कॉम्प्युटर

भुईगावच्या नरहरी राऊतांनी जन्मभर टेम्पो चालवला. घरच्या वाडीतली केळी, अळू, सोनचाफ्याच्या पुड्या आणि शेजारच्या वाड्यांचाही माल पहाटे दादरच्या बाजारात पोचवायचा आणि ऊन तापायच्या आत घरी यायचं, हा त्यांचा धंदा. वाडी सगळी प्रेमलताबाईंच्या हातात. नरहरी फक्त गाडीचे. इंजिनाचा आवाज जरा बदलला तर भरल्या ताटावरून उठून बॉनेट उघडणारा माणूस. मग साखरेने त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा खराब केला. रस्त्यावर आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. टेम्पो विकला गेला, आणि नरहरी पडवीतल्या झोपाळ्यावर जे बसले ते बसलेच. जेवायला हाक मारली की उठायचे. काही विचारलं की हो किंवा नाही म्हणायचे.

राधिका त्यांची एकुलती एक मुलगी. सातिवलीला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात ती क्वालिटीचं काम बघायची. झाकणाला चीर आहे का, आटे नीट बसतात का, हे दिवसभर तपासायचं आणि स्कूटरने घरी यायचं. बापाचं ते गप्प बसणं तिला बघवेना. एका सुट्टीच्या दिवशी तिने मागच्या खोलीतल्या आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा एक गेम टाकला. टेबलाला अडकवायचं स्टिअरिंग आणलं, खाली पेडल ठेवली आणि बाबांना हाताला धरून खुर्चीत बसवलं.

"हा काय पोरखेळ?" नरहरी म्हणाले.

"नुसतं बसून तर बघा."

ते बसले. समोर कुठल्यातरी परक्या देशातला लांबलचक रस्ता आणि हातात अठरा चाकांचा ट्रक. त्यांनी खाली पाय चाचपले आणि कितीतरी दिवसांनी आपणहून एक प्रश्न विचारला.

"क्लच कुठला?"

त्या दिवसापासून दुपारचा चहा झाला की नरहरी गाडीवर. सगळं चांगल्या डोळ्याला झेपेल तेवढंच, डॉक्टरांना विचारून. फर्निचर, दूध, यंत्रांचे भाग, मिळेल तो माल ते या गावाहून त्या गावाला पोचवत. रात्री जेवताना तिथले घाट कसे, तिथले लोक वळणावर हॉर्न कसे देत नाहीत, याच्या गप्पा सुरू झाल्या. प्रेमलताबाई वाढता वाढता हसायच्या. "म्हणजे गाडी गेली तरी आमच्या नशिबी गाडीच," असं म्हणायच्या, पण ताटात एक पोळी जास्तीची वाढायच्या.

फक्त एक अडचण होती. कॉम्प्युटर जुना. सपाट रस्त्यावर ठीक चालायचा, पण समोर दाट झाडी आली, पाऊस लागला किंवा शहराचे दिवे आले, की चित्र अडखळायचं. ट्रक एका खांबाजवळ असायचा तो एकदम पुढच्या खांबाजवळ दिसायचा. नरहरी वैतागायचे. "ब्रेक मारला तो कळतो नंतर. असं चालवतात का?"

राधिकाने चौकशी केली. चित्र काढायचं काम करणारं ग्राफिक्स कार्ड बदलायला हवं, एवढं तिला समजलं. नवं घ्यायचं मनात नव्हतं, म्हणून ती सेकंडहँड शोधायला लागली आणि विरारजवळच्या फुलपाड्यात राहणाऱ्या स्वप्ना नावाच्या मुलीचा पत्ता लागला. स्वप्ना मुंबईत एका स्टुडिओत अ‍ॅनिमेशनचं काम करायची. ऑफिसने लॅपटॉप दिल्यामुळे तिला घरचा मोठा कॉम्प्युटर सुटा करून विकायचा होता. राधिका संध्याकाळी तिच्या घरी गेली तेव्हा स्वप्नाने कार्ड चालू करून दाखवलं. पडद्यावर एक गोल गोल फिरणारं गुंतागुंतीचं चित्र लावलं आणि म्हणाली, "ही चाचणी कार्डाला पुरती दमवते. आपण चहा घेऊ, तोवर फिरू दे." चहा झाला, दोघींच्या नोकरीच्या गप्पा झाल्या, चित्र फिरतच होतं. राधिकाला मुलगी सरळ वाटली. कार्ड टॉवेलात गुंडाळून तिने स्कूटरच्या डिकीत ठेवलं.

रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर कॉम्प्युटरचं कॅबिनेट आडवं करून राधिका कामाला लागली. नरहरी शेजारी बॅटरी धरून उभे. जुनं कार्ड निघालं. नवं त्याहून बोटभर लांब निघालं, तेव्हा मधली हार्ड डिस्क सोडवून खाली सरकवावी लागली. शेवटी कार्ड खट्कन जागेवर बसलं.

"बसलं!" नरहरी म्हणाले. "तो आवाज मला कळतो."

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा मात्र काळाच. आणि कार्डाच्या कडेला एक लालभडक दिवा लागला.

राधिकाने बंद करून वाकून पाहिलं. कार्डाच्या डोक्यावर वीज घ्यायची दोन तोंडं होती आणि तिने एकातच केबल लावली होती, कारण वीज पुरवणाऱ्या डब्याला, म्हणजे एसएमपीएसला, त्या जातीची केबल एकच जोडता येत होती. दुसरं तोंड उपाशी.

ती तडक स्कूटर काढून वसईत गेली. दुकानदाराने दोन सुट्या जुन्या पद्धतीच्या वायरी एकत्र करून नवं तोंड देणारा एक अडॅप्टर काढून दिला. "हे लावा, होऊन जाईल," म्हणाला. आणि झालंही. लाल दिवा गेला, पडदा उजळला. नरहरींनी स्टिअरिंग धरलं, आणि काय चित्र आलं! पानन् पान वेगळं. आरशात मागचा रस्ता दिसत होता. पावसाचे थेंब काचेवरून ओघळत होते आणि गाडी लोण्यासारखी चालली होती.

"अगं प्रेमा, ये बघायला!" नरहरींनी हाक मारली. प्रेमलताबाई ओले हात पदराला पुसत दारापाशी आल्या, तोच ट्रक डोंगराच्या चढाला लागला. दोन वळणं गेली, तिसऱ्या वळणाला झाडी दाट झाली आणि फट्कन सगळंच बंद. पडदा, पंखे, दिवे, सगळं. खोलीत एकदम शांतता.

"लाइट गेली का?" प्रेमलताबाईंनी विचारलं.

डोक्यावरचा पंखा तर फिरत होता.

पुन्हा चालू केलं. सपाट रस्त्यावर ठीक, पुलावर ठीक, गावात ठीक. डोंगर चढायला लागलं की फट्. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा नरहरींनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"चढावर बंद पडतेय," ते म्हणाले. "सेकंडहँड घेताना ट्रायल घेतलीस का? रिकामी गाडी कुणाचीही पळते. मी टेम्पो घेतला तेव्हा आधी वीट भरली आणि मग घाटात नेला."

"घेतली, बाबा. तिने चांगली दमवून दाखवली माझ्यासमोर."

"मग गंडवलंन तुला. काहीतरी युक्ती केली असेल."

राधिकाला ते लागलं. आपण नीट पारखून आणलंय अशी तिची खात्री होती, आणि बाबांचा उतरलेला चेहरा बघून तर ती जास्तच खट्टू झाली. दुपारी जेवण जाईना. पण पानावर बसल्या बसल्या तिला कारखाना आठवला. एखाद्या मशिनीतून वाईट झाकणं यायला लागली, की तिथे पहिला प्रश्न ठरलेला असतो: दोष साच्यात आहे की मशिनीत? मग तोच साचा दुसऱ्या मशिनीवर चढवतात. खोट साच्याबरोबर गेली तर साचा वाईट, मागेच राहिली तर मशीन वाईट. आता इथे साचा म्हणजे कार्ड. फुलपाड्याला ते दुसऱ्या मशिनीवर तिच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. मग खोट कार्डात कशी? इथे दुसरं काय काय आहे, ते बघायला हवं.

हात धुऊन ती पुन्हा कॅबिनेटपाशी बसली. या खेपेला गेम लावून, झाकण उघडं ठेवून, ती प्रत्येक वायरीला हळूच हात लावत गेली. अडॅप्टरपाशी बोट पोचलं आणि तिने झटकन मागे घेतलं. तो चांगलाच तापला होता. बंद करून, थंड होऊ देऊन काढला, तर आतल्या एका पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं.

तिने फोटो काढून स्वप्नाला पाठवला. उत्तर यायच्या आधी फोनच आला.

"राधिका, ते आधी काढ!" स्वप्ना जवळजवळ ओरडलीच. "काढलंस ना? ते परत लावू नकोस. एवढं कार्ड असल्या बारक्या वायरींवर नाही चालत, आग लागायची. तुझा एसएमपीएस कितीचा आहे?"

राधिकाने डब्यावरचा आकडा वाचून दाखवला.

"मग बरोबर आहे. सपाटीवर कार्ड थोडीच वीज मागतं. झाडी, पाऊस, डोंगर आला की एकदम जास्त ओढतं. तुझ्या डब्याला ते झेपत नाही, म्हणून तो स्वतःला वाचवायला बंद पडतो. सॉरी यार, मी विचारायला हवं होतं."

"अगं, मी तरी कुठे सांगितलं तुला?"

"ऐक ना, माझा एसएमपीएस पडूनच आहे कपाटात. चांगला दणकट आहे. पुढच्या रविवारी मीच घेऊन येते. त्या निमित्ताने भुईगावचा समुद्र तरी होईल. इतकी वर्षं विरारला राहून मी अर्नाळ्याच्या पुढे आले नाहीये."

फोन स्पीकरवर होता. नरहरींनी सगळं ऐकलं, जरा खाकरले आणि पडवीत जाऊन बसले. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाले, "तिला जेवायलाच बोलाव."

आठवडाभर कॉम्प्युटर पोट उघडं टाकून तसाच पडून राहिला. नरहरी रोज दुपारी त्या खोलीत एक फेरी मारून यायचे. मात्र झोपाळ्यावर पूर्वीसारखे गप्प बसले नाहीत. एसएमपीएस म्हणजे आपल्या टेम्पोतली बॅटरी आणि अल्टरनेटर मिळून जे होतं ते का, असं राधिकाला विचारून घेतलं. "साधारण तसंच," ती म्हणाली, तेव्हा त्यांचं समाधान झालं.

रविवारी स्वप्ना आली. पाठीवर सॅक, सॅकेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एसएमपीएस आणि वायरींची एक पिशवी. प्रेमलताबाईंनी आल्या आल्या तिच्या हातात कोकम सरबत दिलं. नरहरींनी तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "बस पोरी. मी तुझ्याबद्दल वाईटसाईट बोललो होतो."

"काय बोललात, काका?"

"ते जाऊ दे आता."

स्वप्ना खळखळून हसली आणि तिथेच जमिनीवर मांडी घालून बसली.

जुना डबा त्याच्या वायरींपासून सोडवला. राधिकाने जुन्या वायरी आतून इतक्या नीटस बांधल्या होत्या, की त्या काढणं तिच्या जिवावर आलं. "एवढ्या राहू दे ना, तोंडं तर सारखीच दिसतात. नव्या डब्याला याच जोडते," ती म्हणाली.

स्वप्नाने तिचा हात धरला. "अजिबात नाही. तोंड सारखं असलं तरी आतल्या तारांचा क्रम प्रत्येक डब्याचा वेगळा. भलत्या तारेत भलती वीज गेली तर कार्ड काय, सगळंच जळेल. ज्याचा डबा त्याच्याच वायरी."

मग दोघींनी मिळून सगळं नव्याने जोडलं. कार्डाच्या दोन तोंडांना दोन वेगळ्या केबली. एकाच केबलीला फुटलेल्या दोन फांद्याही चालल्या असत्या, पण दोन आहेत तर दोन वापरू, असं स्वप्ना म्हणाली. बटण दाबलं. लाल दिवा लागला नाही. नरहरी खुर्चीत बसले, माल भरला आणि मुद्दाम तोच डोंगर धरला.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसरं आलं. दाट झाडी आली, पाऊस आला, ट्रक घुर्र करत चढत राहिला आणि माथ्यावर पोचला. खाली दूरवर दरीतलं गाव दिसायला लागलं.

"चढली!" नरहरींनी टेबलावर थाप मारली. "बघ कशी चढली!"

स्वप्ना टाळ्या वाजवायला लागली. प्रेमलताबाई "बरं झालं बाई" म्हणत मागच्या दाराने वाडीत गेल्या, केळींना पाणी सोडायचं होतं. ट्रक उताराला लागला आणि कॉम्प्युटर पुन्हा फट्कन बंद झाला. या वेळी लगेच आपोआप चालूही झाला, पण गेम गेला, मालही गेला.

राधिकाला तर रडूच यायचं बाकी होतं. स्वप्ना कपाळाला आठ्या घालून केबली चाचपू लागली. सगळ्या थंड, सगळ्या घट्ट.

"उतारावर कशी बंद पडेल?" नरहरी पुटपुटले. "उताराला तर जोर लागत नाही."

तेवढ्यात प्रेमलताबाई आत आल्या. "काय झालं? चेहरे का असे?"

राधिकाने सांगितलं. बाईंनी जरा विचार केला. "मी आत्ताच मोटर चालू केली, त्याने तर नाही ना? मोटर लावली की या खोलीतला बल्ब नेहमी डोळा मारतो. तुम्ही कुणी बघता कुठे!"

राधिका उठली आणि तिने खणातून विजेचा दाब मोजायचा मल्टिमीटर काढून आणला. टेबलाखालच्या सॉकेटात त्याच्या काड्या धरल्या. "आई, मोटर बंद कर... आता लाव."

विहिरीकडून मोटरीचा घरघराट आला आणि मीटरवरचा आकडा खाली घसरला. क्षणभर फार खाली गेला, मग थोडा सावरला, पण पूर्वीच्या जागी काही आला नाही. पुन्हा करून बघितलं, पुन्हा तेच. राधिकाने वायर धरून माग काढला. ही खोली घराला मागून जोडलेली. बांधली तेव्हा वायरमनने तिची लाइन विहिरीवरच्या मोटरीच्या बोर्डावरूनच ओढली होती, तीही बारीक वायरीने. खोलीत एक बल्ब, एक पंखा आणि थोडीच वीज ओढणारा जुना कॉम्प्युटर होता तोवर कुणाचं काही अडलं नव्हतं.

"म्हणजे कार्ड चांगलं, डबाही चांगला," स्वप्ना म्हणाली. "केळीच जास्त वीज पितायत!"

त्यावर प्रेमलताबाईंना एवढं हसू आलं, की त्यांना भिंत धरावी लागली. पुढच्या खोलीच्या स्वतंत्र सॉकेटावरून जाड वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड तात्पुरता आणला. मोटर मुद्दाम चालू करून, बंद करून, परत चालू करून पाहिली. नरहरींनी त्याच वेळी डोंगर चढवला, उतरवला. कॉम्प्युटर ढिम्म हलला नाही. राधिकाने एसएमपीएसला हात लावला, पुन्हा एकदा सगळ्या केबली चाचपल्या, आणि मगच कॅबिनेटचं झाकण लावून स्क्रू पिळले. आठवड्याभरात वायरमनला बोलावून खोलीची लाइन वेगळी करायची, असं तिथेच ठरलं.

जेवणाला अळूचं फदफदं आणि केळफुलाची भाजी होती. स्वप्ना दोनदा मागून जेवली. ऊन कलल्यावर राधिका तिला समुद्रावर घेऊन गेली. सुरूच्या बनात वारा सुटला होता, ओहोटीने पाणी लांब गेलं होतं. कार्ड विकणारी आणि विकत घेणारी अशा त्या दोघी ओल्या वाळूतून चालत नोकरीतल्या साहेबांच्या नकला करत राहिल्या. परतताना स्वप्ना म्हणाली, "माझ्या कार्डाला चांगलं घर मिळालं." पुन्हा यायचं तिने आपणहून कबूल केलं.

तिला रिक्षात बसवून राधिका मागच्या दाराने आत आली, तर खोलीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी लावलेल्या. एकीवर बाबा, दुसरीवर आई. आईच्या हातात चहाचा कप. राधिका दाराशीच थांबली.

"एवढी वर्षं गाडी चालवलीत," प्रेमलताबाई म्हणत होत्या, "पण शेजारच्या सीटवर कायम माल. मला कधी बसवलंत?"

"तू कधी म्हणालीस?"

"म्हणाले असते तर चाफा कुठे ठेवला असता?"

नरहरींनी गिअर बदलला. मग म्हणाले, "आज माल नाही घेतला. रिकामीच आहे गाडी. सांग, कुठे जायचंय?"

"मला काय ठाऊक तिकडचं? जिथे पाणी दिसेल तिकडे न्या."

नरहरींनी सावकाश वळण घेतलं. रस्ता एका निळ्याशार तळ्याच्या काठाने जाऊ लागला. पलीकडे बर्फाचे डोंगर, अलीकडे लाल कौलांची घरं. बाई पुढे वाकून बघत होत्या. एका घरापुढे फुलांची झाडं दिसली तेव्हा म्हणाल्या, "जरा हळू. कसली फुलं आहेत ती?"

"गेमातल्या फुलांना काय नाव असणार?"

"तरी थांबवा."

त्यांनी ट्रक कडेला घेतला, हँडब्रेक लावला आणि इंजिन बंद केलं. तळ्यावर संध्याकाळ उतरत होती. विहिरीवर मोटर चालू होती, केळींच्या बुंध्याशी पाणी पोचत होतं, आणि चित्र जराही हललं नाही. नरहरींनी बायकोच्या हातातला कप घेऊन एक घोट प्यायला आणि परत दिला.

राधिका हळूच मागे फिरली आणि आपल्यासाठी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली.